लाल औषधाच्या सात बाटल्या

मुलगी बरी झाली आणि त्यानंतर आम्ही दमलो. आजार चालू होता तोवर दमायलाही फुरसत नव्हती. ज्यांची पोरं या दुखण्यातून वाचली त्या आईबापांकडे लोक पेढे मागतात आणि आपापल्या कामाला लागतात. पुढे काय विचारायचं, कोणाला विचारायचं, कशाची काळजी घ्यायची आणि कशाची उगाच घ्यायची नाही, हे कोणी सांगत नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं. त्यात मी एक मोठी चूक केली. ती लिहून ठेवली तर निदान दुसरा कोणी करणार नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

मी रबाळ्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर आहे. दर तासाला तापमान बघायचं, दाब बघायचा आणि लॉगशीटवर लिहायचं, हे माझं काम. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, बौद्ध. लग्न झाल्यावर घणसोली गावात हिराकाकींच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली आणि सुजाता तिथेच झाली. तिची आई सुमन. एवढीच आमची माणसं.

पोटातला दगड

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. सुजाता पाच वर्षांची होती. सुमन तिला आंघोळ घालत होती आणि साबणाचा हात पोटावरून फिरवताना मध्येच थांबली. मला हाक मारली. "इथे हात लावून बघा." डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली, काहीतरी टणक लागत होतं. सुजाताला गुदगुल्या होत होत्या, ती हसत होती.

गावातल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. आठ दिवस ते पाजलं. मग ठाण्याला दाखवलं, आणि ठाण्याच्या डॉक्टरांनी आमच्याकडे न बघता चिठ्ठी लिहून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे तीन दिवस या खिडकीवरून त्या खिडकीवर गेले. चौथ्या दिवशी एका डॉक्टरांनी व्हरांड्यात उभ्याउभ्याच सांगितलं. डाव्या मूत्रपिंडात गाठ आहे, कॅन्सरची आहे, मूत्रपिंड काढावं लागेल, नंतर औषधं. माझ्याजवळ कागद नव्हता म्हणून आजाराचं नाव मी तळहातावर लिहून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "काही विचारायचंय?"

मी विचारलं, "तिला चहा दिला तर चालेल का?"

आज इतक्या वर्षांनीही मला त्याची लाज वाटते. जगेल का, एका मूत्रपिंडावर माणूस किती जगतो, आमचं काही चुकलं का, हे सगळं डोक्यात होतं आणि तोंडातून चहा आला. डॉक्टर चालेल म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. त्यांचं वागणं मला तेव्हा टोचलं नाही, कारण व्हरांड्यात माझ्यामागे अजून वीसएक आईबाप उभे होते.

खोलीवर परत आलो तेव्हा हात धुवायची हिंमत होईना. नाव पुसलं गेलं तर परत कोणाला विचारणार? सुमनने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ते उतरवून घेतलं आणि मग मी हात धुतले.

वॉर्ड

ऑपरेशन झालं. त्यानंतर सव्वा वर्ष आम्ही त्या वॉर्डात जात राहिलो. कधी चार दिवस राहायचं, कधी सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं. घणसोलीहून बस धरायची, ठाण्याला बदलायची आणि पुढे गाडी. सुजाताला बस लागायची. सुमन पिशवीत एक जास्तीचा फ्रॉक आणि लिंबू ठेवायची.

सोमवारी वजन व्हायचं. मग रक्त घ्यायचे. मग वाट बघायची. रक्त चांगलं आलं तर औषध, नाहीतर घरी जा, पुढच्या सोमवारी या. आम्ही आईबाप बाकावर बसून एकमेकांना विचारायचो, कारण विचारायला दुसरं कोणी नव्हतं. तुमच्याचे केस कधी गेले? तुमची जेवते का? बीडकडचे एक बाप होते, ते म्हणायचे डाळिंब द्या. कोणी म्हणायचं आंबट अजिबात नको. आम्ही एक आठवडा डाळिंब दिलं आणि एक आठवडा बंद केलं.

एक औषध लाल होतं. पहिल्यांदा ते दिलं त्या दुपारी सुजाताला लाल लघवी झाली. सुमनने ती बघितली आणि वॉर्डभर ओरडत सुटली, माझ्या पोरीला रक्त जातंय. सिस्टर धावत आल्या. त्या केरळच्या, मराठी मोडकंतोडकं बोलायच्या. "रक्त नाही, रक्त नाही. औषधाचा कलर. उद्या साफ." सुमन तिथेच जमिनीवर बसली. हे दोन शब्द सकाळी सांगितले असते तर काय बिघडलं असतं, असं ती पुढे कितीतरी वर्षं म्हणायची.

त्या सिस्टरची एक आठवण मात्र गोड आहे. लाल औषधाच्या दिवशी सुजाता फार रडायची. सिस्टर औषध भरून झालं की त्याची रिकामी छोटी काचेची बाटली धुवायच्या, रबरी बूच परत लावायच्या आणि तिच्या हातात द्यायच्या. "ये ले, तेरा शरबत का बाटली." त्या बाटल्या सुजाताच्या भातुकलीत गेल्या. एका गोल पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात तिची भातुकली असायची. बाटलीत पाणी भरून ती मला सरबत द्यायची आणि मी ते प्यायल्याचं सोंग करायचो.

कारखान्यात आमचा शिफ्ट इन्चार्ज भला माणूस होता. सव्वा वर्ष त्याने मला हवी ती पाळी दिली. "तू टेन्शन घेऊ नको रे, तू पोरीकडे बघ, इकडचं आमी बघतो," म्हणायचा. त्याचं ऋण मी मानतो.

तीन वर्षं

औषध संपलं त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता तीन वर्षं तपासणीला आणत राहा. तीन वर्षांत काही झालं नाही तर समजा ती बरी."

हे वाक्य मी ऐकलं आणि धरून बसलो. माझ्यासारख्या माणसाला आकडा मिळाला की बरं वाटतं. सुमनचे मात्र प्रश्न सुरू झाले. हिला पळू द्यायचं का? मीठ कमी करायचं का? गोवर आला तर? एकच मूत्रपिंड आहे, पोटावर पडली तर? तपासणीला गेलो की डॉक्टर पोट दाबायचे, फोटो बघायचे, म्हणायचे छान, पुढच्या वेळी या. सुमन पदराशी चाळा करत उभी राहायची आणि बाहेर आल्यावर माझ्यावर चिडायची, "तुम्ही का नाही विचारलंत?" मी म्हणायचो, "तू का नाही विचारलंस?" यावरून आमची इतकी भांडणं झाली की शेवटी हा विषय आम्ही बोलायचाच बंद केला. आजारपणात आम्ही दोघं कधी भांडलो नव्हतो.

आणखी एक गोष्ट मी ठरवून टाकली. सुजातासमोर आजाराचं नाव घ्यायचं नाही. पोटात गाठ होती, काढली, संपलं. सुमनला ते पटलं नव्हतं. "मोठी झाल्यावर पोटावरचा व्रण बघून विचारेल, तेव्हा काय सांगायचं?" ती म्हणायची. मी म्हणायचो तेव्हाचं तेव्हा बघू.

तिसरं वर्ष पुरं झालं. शेवटच्या तपासणीत डॉक्टर हसले, सुजाताच्या गालाला हात लावला. खिडकीवरच्या कारकुनाने फाइल आणि केसचं कार्ड माझ्या हातात दिलं. "ठेवा," म्हणाला. का ठेवायचं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

खाडी

आता माझी चूक सांगतो.

आमच्या कारखान्यात लॉगशीट तीन वर्षं ठेवतात. तीन वर्षांत त्या मालाची काही तक्रार आली नाही तर जुने गठ्ठे बॉयलरच्या भट्टीत जातात. वर्षातून एकदा आम्हीच ते वाहून न्यायचो. ज्याची तक्रार नाही त्याचा कागद कशाला, असा सरळ हिशोब. मी ती फाइल घेऊन घरी आलो तेव्हा माझ्या डोक्यात हाच नियम होता. तीन वर्षं झाली, तक्रार नाही.

दारातच हिराकाकी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. हातातली जाडजूड फाइल बघून म्हणाल्या, "पोर बरी हाय ना आता? मंग त्या आजाराचं सामान घरान कशाला ठेवतंस? खाडीला दे नि मोकला हो." त्यांच्याकडे तशी रीत होती. दुखणं गेलं की दुखणेकऱ्याचं अंथरूण, औषधाच्या बाटल्या, सगळं ओहोटीच्या पाण्यात सोडायचं म्हणजे ते परत येत नाही.

एरवी असल्या गोष्टींवर मी काकींची थट्टा करायचो. आमच्या घरात हे चालत नाही, असं छाती फुगवून सांगायचो. त्या दिवशी हसून म्हणालो, "काकी, आमच्या फॅक्टरीचा पण हाच रूल आहे." मी काकींचं ऐकतोय असं मला कबूल करायचं नव्हतं, म्हणून कारखान्याचा नियम पुढे केला. खरं सांगायचं तर त्या फाइलची मला भीती वाटत होती. माळ्यावर ती असेल तर रोज वर बघेन, असं वाटत होतं.

सुमन बाजारात गेली होती. मी फाइल, कार्ड, एक्स-रेची पाकिटं, उरलेल्या गोळ्या, केस गेले तेव्हा सुजाता घालायची ती विणलेली टोपी, सगळं एका गोणपाटात भरलं. सुजाता मागे मागे आली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. खाडीच्या बांधावर उभी राहून तिने विचारलं, "बाबा, टोपीपण?"

"टोपीपण," मी म्हणालो.

आत एक दगड घालून गोणपाट सोडलं. ओहोटी लागली होती. परत येताना मला इतकं हलकं वाटलं की मी तिला रस्त्यात बर्फाचा गोळा घेऊन दिला. सुमनला संध्याकाळी सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला विचारायचं तरी." मग सुजाताकडे वळून म्हणाली, "तुझ्या भातुकलीत त्या औषधाच्या बाटल्या आहेत, त्याही जाऊ देत मग." सुजाता म्हणाली, "त्या कधीच फेकल्या मी." तो विषय तिथेच संपला.

खोटं रीडिंग

पुढे वाशीला आम्हाला घर लागलं. सुजाता तिथल्या शाळेत जाऊ लागली, उंच झाली, आईशी वाद घालू लागली. आठवीत असताना खेळाच्या स्पर्धेचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, पूर्वी झालेला मोठा आजार. मी लिहिलं, नाही. नोकरीच्या इतक्या वर्षांत मी एकही रीडिंग खोटं लिहिलेलं नाही. चहाला गेलो आणि तास चुकला तर रकाना कोरा ठेवला आहे, पण मनाने आकडा भरला नाही. आणि पोरीच्या फॉर्मवर मी खोटं लिहिलं. सुमनने ते बघितलं आणि तवा जरा जोरात आपटला.

नववीत सुजाताला धाप लागू लागली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. दुसऱ्या मजल्यावर ती थांबायची आणि चप्पल नीट करतेय असं दाखवायची. सुमनच्या ते आधी लक्षात आलं. जवळच्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. महिन्याने त्यांनीच म्हटलं, एकदा हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा.

त्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सुजाताचं पोट बघायला त्यांनी फ्रॉक वर केला आणि त्यांना व्रण दिसला. "हे काय?"

मी म्हणालो, "लहानपणी गाठ होती. काढली."

"कसली गाठ? औषधं दिली होती का नंतर?"

सुजाता समोर बसली होती. मी म्हणालो, "दिली होती काहीतरी."

बाईंनी तिला नर्सबरोबर बाहेर पाठवलं आणि दार लावलं. मग मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "या आजारात एक लाल औषध देतात. आजारावर चांगलं असतं, पण जास्त गेलं तर पुढे काही वर्षांनी हृदयाचा स्नायू कमजोर होऊ शकतो. तिला ते दिलं होतं का, आणि किती वेळा, हे मला समजायला हवं. त्यावर पुढचं ठरेल. फाइल घेऊन या."

सुमनने माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिलो. "फाइल नाही," मी म्हणालो.

मी दोनदा मुंबईला जाऊन आलो. केस नंबर असल्याशिवाय जुने कागद निघत नाहीत, आणि नंबर कार्डावर होता. खिडकीवरच्या माणसाने नावावरून शोधायचा प्रयत्न केला, त्याच्यापुढे त्या नावाच्या मुलींची रांग निघाली. ते डॉक्टर निवृत्त झाले होते. वॉर्डातल्या सिस्टर केव्हाच गावी गेल्या होत्या. परत येताना खाडीच्या पुलावर मी बसच्या दुसऱ्या बाजूला तोंड करून बसलो.

लाल औषध दिलं होतं हे आम्हाला दोघांनाही पक्कं आठवत होतं. किती वेळा, ते आठवेना. सुमन म्हणायची पाच. मी म्हणायचो दहा तरी. दोघं हुज्जत घालत होतो आणि सुजाता आतल्या खोलीत अभ्यास करत होती. निदान आम्ही तसं समजत होतो.

डबा

पुढच्या आठवड्यात परत डॉक्टरीणबाईंकडे गेलो तेव्हा सुजाताने पिशवी आणली होती. पुस्तकं असतील असं मला वाटलं. बाईंनी विचारलं, "मिळाली का काही माहिती?" मी नाही म्हणून मान हलवली.

सुजाताने पिशवीतून तो गोल पत्र्याचा डबा काढला. झाकण गंजलं होतं, ते उघडायला तिला जोर लावावा लागला. मग तिने एकेक करून बाटल्या टेबलावर मांडल्या. इवल्या काचेच्या, रबरी बुचाच्या. काहींच्या तळाशी अजून लालसर डाग होता. तीन बाटल्यांवरचं लेबल वाचता येत होतं.

"सात," ती म्हणाली. "आठ होत्या. एक माझ्याकडून फुटली. सिस्टर दर वेळी एकच द्यायच्या, म्हणजे आठ वेळा दिलं."

बाईंनी एक बाटली उचलून उजेडात धरली, लेबल वाचलं आणि मान डोलावली. "हेच ते. वजन किती होतं तेव्हा?"

"तेरा किलो," सुमन म्हणाली. तिला एका क्षणाचाही विचार करावा लागला नाही. "शेवटी शेवटी साडेबारा."

बाई कागदावर आकडेमोड करत होत्या. मधेच मान खाली ठेवून म्हणाल्या, "आजाराचं नाव?"

मी तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही. दहा वर्षं मी तो घरात येऊ दिला नव्हता.

"कॅन्सर," सुजाता म्हणाली. "डाव्या किडनीचा."

सुमन डोळे पुसायला लागली. मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"वॉर्डात सगळी मुलं बोलायची, बाबा. तुम्ही दोघंच बोलत नव्हता."

बाईंनी समजावून सांगितलं. औषध बरंच गेलं आहे, पण अगदी टोकाचं नाही. हृदय थोडं कमजोर झालं आहे. गोळ्या आहेत. पळण्याच्या शर्यती नकोत, चालायला हरकत नाही. दर वर्षी तपासणी, आयुष्यभर. उरलेल्या मूत्रपिंडासाठी भरपूर पाणी प्यायचं, आणि कुठलंही दुखणं झालं तर तिथल्या डॉक्टरांना आधी हे सगळं सांगायचं. पुढे लग्न, बाळंतपण यांचं काय, असं सुमनने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने स्वतः तोंडाने विचारलं. बाई म्हणाल्या, "आज नक्की सांगता येत नाही. पण तेव्हा मला विचारायला या." नक्की सांगता येत नाही हे उत्तरसुद्धा आम्हाला पुरलं. ज्यांच्या मुलांवर असे उपचार झालेत त्यांना माझं सांगणं एवढंच आहे. औषधांची नावं आणि ती किती वेळा दिली हे लिहून मागा, आणि तो कागद तीन वर्षांनी टाकू नका, कधीच टाकू नका.

बाईंनी सगळं एका कागदावर लिहिलं. आजार, ऑपरेशन, औषध, आठ वेळा, वजन. खाली सही केली. मी सवयीने हात पुढे केला. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि कागद सुजाताला दिला. "हा तुझा आहे. तुला आयुष्यभर लागेल."

तिने त्याच्या चार घड्या केल्या, तो डब्यात बाटल्यांच्या खाली घातला आणि झाकण दाबून बसवलं.

बसथांब्यावर आलो. ऊन होतं. सुमन पुढे जाऊन सावलीला उभी राहिली. मला सुजाताला बरंच काही सांगायचं होतं, पण विचारलं ते भलतंच. "बाटल्या फेकल्या म्हणाली होतीस ना तू आईला?"

"तुम्ही टोपी टाकलीत," ती म्हणाली, "म्हणून मी या लपवल्या."

बस आली. चढताना पायरीवर तिला धाप लागली, ती दांड्याला धरून थांबली. मी म्हणालो, "दे, डबा मी धरतो."

तिने तो दिला नाही. घर येईपर्यंत डबा तिच्या मांडीवर होता आणि त्याच्यावर तिचे दोन्ही हात होते.